उन्हाचं वावडं

माझ्या दुखण्याचं नाव मला कळलं तेव्हा माझे केस पांढरे झाले होते. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी ते कागदावर लिहून दिलं: ल्युपस. मग त्यांनी समजावून सांगितलं की बाहेरून येणाऱ्या रोगांशी लढायला शरीरात जी ताकद असते, तीच या आजारात फितूर होते आणि आपल्याच सांध्यांवर, कातडीवर, रक्तावर उठते. राखणीला ठेवलेलं कुत्रं घरच्यांनाच चावावं, तसं. आणि ऊन लागलं की ते जास्तच चवताळतं. "लहानपणी कधी उन्हाचा त्रास झाल्याचं आठवतं का?" त्यांनी विचारलं. मला हसू आलं. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण माझा जन्म मिठागरावरचा, हे त्या बाईंना कुठून सांगत बसू?

आमचं गाव ठाण्याजवळ, कोलशेतच्या अंगाला, खाडीच्या काठावर. घरातली झाडून सगळी माणसं मिठाच्या कामाला. खाडीचं पाणी वाफ्यांत घ्यायचं, उन्हानं ते आटवायचं, तळाला मीठ बसलं की लाकडी फळीनं ओढून कडेला राशी घालायच्या. थंडी सरता सरता काम सुरू होई आणि चैत्र-वैशाखात ऐन भरात येई. बाकीचं जग ऊन वाढलं म्हणून कुरकुरायचं, आणि आमच्याकडे आभाळात चार ढग दिसले की तोंडं काळवंडायची. ऊन कडक तेवढं मीठ पांढरं. आई सकाळी चूल पेटवण्याआधी अंगणात येऊन सूर्याला हात जोडायची, आणि ते काही दाखवण्यापुरतं नव्हतं. अशा घरात मुलीला उन्हाचं वावडं असावं म्हणजे कोळ्याच्या पोरानं पाण्याला भ्यावं.

दुखणं सुरू झालं तेव्हा देश स्वतंत्र होऊन दोनेक वर्षं झाली होती आणि मी पंधरा वर्षांची होते. सकाळी उठलं की बोटं उघडायची नाहीत. डाव्या हातानं उजव्या हाताचं एकेक बोट सरळ करावं लागे, तर डावा हातही तसलाच. दुपारनंतर अंगात ताप भरायचा. नाकाच्या दोन्ही बाजूंना गालांवर लाल चट्टे उठायचे, तोंड आतून सोलवटायचं, केसांत हात घातला की हातात केसच यायचे. आई म्हणाली, वात आहे. आजूबाजूच्या बायका म्हणाल्या, वातच. एकदा शाळेतल्या मास्तरांच्या सांगण्यावरून बाबा मला ठाण्याच्या एका डॉक्टरकडे घेऊन गेले. त्यांनी बोटं दाबून पाहिली, मी कळवळले, आणि त्यांनीही संधिवातच सांगितला. वर म्हणाले, शेक द्या, ऊन द्या.

ऊन द्या! त्याची आमच्याकडे काय कमी होती?

आमच्या गावात सांधे धरलेल्या माणसावर एक ठरलेला इलाज असे. आटत आलेल्या वाफ्यातलं पाणी भर दुपारी इतकं तापतं की पाय घातला तर झटकन बाहेर काढावासा वाटतो. त्या पाण्यात हातपाय बुडवून, पाठीवर ऊन घेत, दोन-तीन घटका बसायचं. माझ्या आजोबांचे गुडघे याच इलाजानं सुटले होते. गावातल्या कितीतरी म्हाताऱ्यांचे सुटले होते, आणि ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. म्हणून आईला दोष द्यायला मला आजही तोंड नाही. तिनं मला रोज दुपारी वाफ्याच्या बांधावर बसवलं. समोर पांढरं मीठ, त्यावरून उलटून येणारं ऊन, वरून ऊन, खालून तापलेलं खारं पाणी. फुटलेल्या कातडीत ते पाणी शिरलं की डोळ्यांसमोर काजवे चमकायचे. आई डोक्यावर मिठाची टोपली घेऊन जाता-येता थांबायची, घामानं निथळत वाकायची आणि माझी बोटं पाण्याखाली चोळून द्यायची.

"सोस गो बाय. हात मोकले होतील."

मी सोसायची. संध्याकाळी तापानं फणफणायची. आई म्हणायची, आतला रोग बाहेर पडतोय. दुसऱ्या दिवशी मला आणखी थोडा जास्त वेळ बसवायची. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी म्हण आहे. आमच्याकडे औषध रेड्यालाच चाललं होतं, पण ते औषधच त्याच्या जिवावर उठलेलं होतं.

मला या सगळ्यातून सुटायचा एकच रस्ता दिसत होता, तो म्हणजे सातवीची परीक्षा. त्या काळात सातवी पास झालेल्या मुलीला प्राथमिक शाळेत मास्तरीण होता येई. आमच्या घरात तोवर चौथीपुढे कोणी गेलं नव्हतं. मीही गेले ती मास्तरांमुळे. ते ठाण्याहून सायकलवर येत, गृहस्थ ब्राह्मण, बोलायला कडक. मला मास्तरीण का व्हायचं होतं? मुलांना शिकवायची फार हौस होती, असं मोठेपणी मी लोकांना सांगत आले. ते खोटं आहे. शाळेला छप्पर असतं, म्हणून मला मास्तरीण व्हायचं होतं. उन्हात उभी राहू न शकणारी मुलगी मिठागरात कामाची नाही, आणि जी कामाची नाही तिला आमच्यात करून घेणार कोण? सावलीतलं काम मिळालं नाही तर माझं काही खरं नव्हतं. हे मला पंधराव्या वर्षी लख्ख कळत होतं.

परीक्षा चैत्रात. तिला दहा दिवस उरले असताना आईनं इलाज वाढवला. लिहायला टाक धरायचा तर बोटं वळायला हवीत ना! सकाळ-दुपार दोन्ही वेळा ती मला वाफ्यावर बसवू लागली. चौथ्या दिवशी माझा चेहरा असा सुजला की डोळे मिटूनच गेले. गाल, कपाळ, गळा, हात, जिथे जिथे ऊन लागलं होतं तिथे तिथे लालभडक पुरळ. ताप उतरेना. मी बरळायला लागले.

गावातल्या एका म्हातारीला बोलावलं. असल्या बाबतीत तिचाच शब्द शेवटचा असे. तिनं लांबूनच पाहिलं, कानांना हात लावले आणि सांगितलं, "देवी आल्यात." मास्तर धावत आले. म्हणाले, "अहो, हिला लहानपणी टोचलेलं आहे. दंडावर वण आहेत, ते बघा. आणि फोड कुठे आहेत? देवीला फोड येतात." म्हातारी म्हणाली, "टोचला म्हनून देवी आयकते का? आतून आलेली हाय. बाहेर यायची हाय अजून."

झालं. मला घराच्या मागच्या खोलीत निजवलं. तिला खिडकी नव्हती. दारावर कडुलिंबाचे डहाळे बांधले, अंथरुणावर लिंबाचा पाला पसरला. घरात फोडणी बंद, मासळी बंद, केस विंचरणं बंद. मला गार दूधभात. आईखेरीज कोणी आत यायचं नाही. आणि मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही, देवीला उजेड सोसत नाही म्हणून.

परीक्षा त्या अंधारात निघून गेली. कोणत्या दिवशी कोणता विषय आहे ते मला पाठ होतं. आज मराठी, आज गणित, असं मी छताकडे बघत मोजलं. रडले. पाल्यात तोंड खुपसून रडले, कारण देवी घरात असताना रडायचं नसतं.

आणि मग एक विचित्र गोष्ट झाली. मी बरी होऊ लागले.

आधी ताप गेला. मग तोंडातल्या जखमा भरल्या. चट्टे फिके पडले. आत येऊन दहा-बारा दिवस झाले असतील, सकाळी जाग आली आणि माझी मूठ मिटली. पूर्ण मिटली. अंगठा बोटांवरून आडवा गेला. मी ती मूठ उघडून मिटून, उघडून मिटून बघत राहिले. वर्षभरात हे झालं नव्हतं. दूधभात तर मी आधीही खाल्ला होता. लिंबाचा पाला आधीही लावून झाला होता. नवं काय होतं? नवा होता तो अंधार.

एकविसाव्या दिवशी मला लिंबाच्या पाण्यानं न्हाऊ घातलं, देवीला दहीभात दाखवला आणि बाहेर काढलं. आईचा आनंद काय वर्णावा! ती अंगणात मला हाताला धरून उभी राहिली आणि शेजारणींना माझ्या मुठी मिटवून दाखवू लागली. कोवळं नव्हे, चांगलं टळटळीत ऊन होतं. चार दिवसांत गाल पुन्हा पेटले आणि पाचव्या सकाळी बोटं पुन्हा आकडली. मी आईला सांगून पाहिलं.

"आये, मना उनाचाच तरास हाय."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मी जणू तिच्या बापाला शिवी दिली होती. "उनाचा तरास? उनावर तर आपला पोट हाय गो."

मास्तरांनी घरी येऊन माझी बाजू घेतली. म्हणाले, "मला डॉक्टरीतलं काही कळत नाही, पण मुलगी सांगते ते ऐका. एक हंगाम तिला सावलीत ठेवून बघा." आईनं त्यांना पाणी दिलं, गूळ दिला आणि शांतपणे विचारलं, "मास्तर, मीठ सावलीन पिकतंय का?" मास्तर गुळाचा खडा तोंडात टाकून सायकलकडे वळले. आईच्या डोळ्यांना जे दिसलं होतं ते वेगळंच होतं. तिच्या लेखी मला देवीनं बरं केलं होतं, आणि पुन्हा दुखणं उलटलं त्याला कारण देवीचा नवस अजून फेडायचा होता हे होतं. मी अंधारात पडले असताना तिनं बोलून ठेवलं होतं: पोर उठली तर पुढच्या चैत्रात, देवीच्या जत्रेच्या दिवशी, भर दुपारी तिला घरापासून देवळापर्यंत अनवाणी चालवीन. देऊळ कोसभर लांब. वाटेत झाड म्हणून नाही.

पावसाळ्यात मात्र मला कोणी बांधावर नेऊन बसवलं नाही, कारण बसवायला ऊनच नव्हतं. दमटपणानं सांधे ठणकायचे, पण ताप नाही, चट्टे नाहीत. गाव चिखलाला आणि गळक्या छपरांना वैतागलेलं असताना मी पुस्तक घेऊन पडवीत बसायची आणि आभाळ असंच राहू दे म्हणायची. माझ्या घरच्यांच्या पोटावर पाय आणणारी प्रार्थना मी रोज करायची. कुणाला कळलं असतं तर मला घरात घेतलं नसतं, आणि मला स्वतःलाही त्याची लाज वाटायची.

दिवाळीनंतर ऊन परत आलं. मी मास्तरांकडून परीक्षेचा अर्ज भरून घेतला आणि ऊन टाळण्याचे नाना उद्योग सुरू केले. पहाटेच घरातली कामं उरकायची, उजाडता उजाडता शाळेत जाऊन बसायचं, दिवस कलला की परतायचं. वाटेत डोक्यावर गोणपाटाची खोळ. पोरं मला 'घुबड' म्हणायची. म्हणेनात का. पुढे वाफ्यांत पाणी तापू लागलं तेव्हा आईनं दोनदा मला बांधावर ओढून नेलं, मी दोनदा पळून आले. पण त्या वर्षी माघ-फाल्गुनात माझी मूठ मिटत होती आणि टाक चालत होता. मास्तर म्हणाले, "अशीच राहिलीस तर पास होशील." अशीच राहिलीस तर!

त्या वर्षी जत्रा परीक्षेच्या आधी नऊ दिवस आली.

आईनं नवसाची गोष्ट काढली तेव्हा मी भाकरी थापत होते. मी म्हटलं, परीक्षा झाल्यावर चालेन. ती म्हणाली, जत्रा परीक्षेनंतर नाही. मी म्हटलं, पहाटे चालते. ती म्हणाली, दुपारचं बोललेय. मग माझा तोल गेला. मी ओरडले की तुझ्या उनानं मला मारलं, तुझ्या पाण्यानं मला मारलं, मला अंधारानं बरं केलं, तुझ्या देवीनं नाही. हातातली भाकरी मी चुलीत टाकली. असलं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. आईनं मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती चुलीतली भाकरी काढत बसली, राख झटकत, आणि म्हणाली, "नवस फेडला नाय तर ती तुना नेल गो."

तिला भीती होती मी मरेन याची. मलाही तीच भीती होती. दोघी एकाच गोष्टीला घाबरलो होतो आणि एकमेकींना विरुद्ध दिशांनी ओढत होतो. त्या आठवड्यात मला खरंच वाटायचं की एकदाची मेले तर दोघींचीही सुटका होईल. खाडीच्या बांधावरून येताना पाण्याकडे बघत मी उभी राहायची. तसं वाटायचं हे खरं आहे.

जत्रेच्या दिवशी मी मागच्या खोलीत जाऊन आतून कडी लावली. आईनं दार वाजवलं नाही. बाहेर थोडा वेळ तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता, मग तोही थांबला. बाबा नंतर म्हणाले ते असं: ज्याच्या नावाचा नवस तो चालणार नसेल तर घरच्या माणसानं तो दुप्पट फेडायचा. म्हणून आई चालत गेली नाही. कोसभर वाट तिनं भर दुपारी, अनवाणी, पावलोपावली लोटांगण घालत पार केली.

तिन्हीसांजेला तिला दोघी बायकांनी धरून आणलं. गुडघे, कोपरं, तळहात सोललेले, तळपायांवर करवंदाएवढाले फोड. ती पडवीत टेकली. मी खोबरेल आणलं, तिचे पाय मांडीवर घेतले आणि लावायला लागले. मला वाटलं, आता ही मला बोलेल. वाटलं, निदान आता तरी हिला कळलं असेल की ऊन भाजतं. मी वाट बघत होते.

आई हसली. ओठ फुटलेले होते, त्यामुळे हसणं धड जमलं नाही. म्हणाली, "आता भ्याव नुको. मी सगला सांगून आले तिला. आता ऊन तुना काय करनार नाय." आणि मग, "उद्यापासून बसशील ना गो? परीक्षेला हात मोकले पायजेत."

म्हणजे तिनं मला उन्हातून सोडवलं नव्हतं. तिनं स्वतःला भाजून माझ्यासाठी ऊन सुरक्षित करून आणलं होतं. आता मी नाही म्हणायचं तर कुठल्या तोंडानं? तिचे ते पाय माझ्या मांडीवर होते. मी एकदा नाही म्हणाले होते, त्याचं हे झालं होतं. दुसऱ्यांदा नाही म्हणायची माझ्यात ताकद नव्हती. मला पक्कं ठाऊक होतं काय होणार ते. तरी मी म्हटलं, "बसते."

आठ दिवस बसले. आई फोडांनी लंगडत बांधापर्यंत यायची आणि माझ्या शेजारी बसायची. तिसऱ्या दिवशी ताप आला, तो मी लपवला. चट्टे लपवता येईनात, पण ती म्हणाली, ही रोग जायची खूण आहे.

परीक्षा ठाण्यात होती. पहाटे चांदण्या असतानाच निघून आम्ही दोघी चालत गेलो. पहिल्या दिवशी मराठीचा पेपर मी कसाबसा लिहिला, अक्षर मलाच ओळखू येईना. दुसऱ्या दिवशी गणित. पहिली दोन उदाहरणं सोडवली. तिसऱ्याला टाक बोटांतून निसटला. उचलला, पुन्हा निसटला. दोन्ही हातांनी धरून पाहिला, तर कागदावर शाईचा डाग पसरला. उत्तरं सगळी येत होती. डोक्यात आकडे सरळ ओळीत उभे होते आणि हात ते खाली उतरवायला तयार नव्हता. घंटा होईपर्यंत मी त्या डागाकडे बघत बसले. मग पेपर देऊन टाकला.

बाहेर चिंचेखाली आई पाण्याचा तांब्या घेऊन बसली होती. मला बघताच उठली.

"झाला?"

"झाला."

"पुरा लिवलास?"

"पुरा."

तिनं माझे दोन्ही हात हातांत घेतले. ते सुजून गरम झाले होते, पण तिचे तळहातही अजून सोललेलेच होते, तिला काय कळणार? तिचा चेहरा इतका उजळला की मी दुसरीकडे पाहिलं. म्हणाली, "बघ, मी बोल्लेली ना? उनानंच हात मोकले झाले."

मी म्हटलं, "हो."

ऊन डोक्यावर आलं होतं आणि तिच्या पायांचे फोड पुरते सुकले नव्हते, म्हणून आम्ही घरापर्यंत हळूहळू चालत गेलो.